कुंदाच्या पायाचे पैसे उरलेत. आता काय करू?

मागवाला | ९ सप्टेंबर २०२५, रात्री १०.४०

जुलैत इथंच कुंदाचा फोटो टाकला होता, बऱ्याच जणांना आठवत असेल. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो.

बेळगावच्या वडगावात आमचा आठ मागांचा कारखाना. कुंदा ही गल्लीतली कुत्री. रंग थेट कुंद्याचा (आमच्या बेळगावची खव्याची मिठाई), तोही जरा जास्त भाजलेल्या. चार वर्षं झाली, कांडी मशीनच्या खाली झोपते. मागांच्या खडखडाटात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, खरं ही तिथं घोरते. आणि लाइट जाऊन माग थांबले की दचकून उठते.

पावसाच्या झडीत टेम्पो मागं घेताना तिचा मागचा उजवा पाय चाकाखाली गेला. हाडाचा चुरा झाला होता. दोन दिवस मलमपट्टी केली, पाय काळा पडत गेला, मग डॉक्टरांनी वरपासून काढायचा म्हणून सांगितलं. तुम्ही सगळ्यांनी मिळून ३१,४०० रुपये पाठवलात. खर्च असा झाला: ऑपरेशन आणि भूल ९,०००, दोन एक्स-रे १,२००, रक्ताची तपासणी ९००, चौदा दिवस दवाखान्यात ठेवण्याचे रोज ३५० प्रमाणं ४,९००, औषधं-सलाईन-ड्रेसिंग २,८५०, नेण्याआणण्याचे १,०००. एकूण १९,८५०. बिलांचे फोटो खाली जोडलेत. उरले ११,५५०.

कुंदा आता तीन पायांवर पळते. दवाखान्यातला कंपाउंडर तिला कानडीत 'बा इल्ली' म्हणायचा, ती उठून त्याच्याकडं जायची. आमच्याकडं 'इकडं ये' म्हटल्यावर येते. दोन्ही कळतंय तिला.

उरलेल्या पैशाचं काय करायचं ते विचारायला धागा काढलाय. खरं त्याआधी एक सांगायचं राहिलंय. तो टेम्पो माझा होता आणि चालवत मीच होतो. जुलैत लिहिताना मी "एका टेम्पोनं" एवढंच लिहिलं. खोटं नव्हतं, आणि खरंही नव्हतं. रोज ती समोर येते, म्हणून आज लिहून सोडतोय.

---

तिसरं_फाटक | ९ सप्टेंबर, रात्री ११.२५

हे आता सांगताय? मी पाचशे पाठवले ते त्या न पाहिलेल्या टेम्पोवाल्याला शिव्या घालत पाठवले होते.

---

गोंद्या | ९ सप्टेंबर, रात्री ११.३१

शिव्या परत येतात काय बघा तेवढं. जीपेला रिफंडचं बटण असतंय.

---

काकू_हिंदवाडी | १० सप्टेंबर, सकाळी ७.०५

झालं ते झालं. मुद्दाम कोण चाक घालतंय? उचलून दवाखान्यात नेलंत, चौदा दिवस डबा पोचवलात, तेवढं पुरे. नामदेवराय कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावले. आपण निदान पोळी तरी देऊ. उरलेल्या पैशात रोजचा भात घाला मुक्या जिवांना.

---

तिसरं_फाटक | १० सप्टेंबर, सकाळी ९.५०

काकू, मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण ज्याच्या हातून झालं त्यानं बिल भरायचं ही साधी गोष्ट आहे. माणसाला धडक दिली असती तर गल्लीत वर्गणी काढली असती का? माझ्या हिशेबानं ११,५५० उरलेले नाहीत, पूर्ण ३१,४०० उरलेत.

---

मागवाला | १० सप्टेंबर, दुपारी १.१५

तुमचं बरोबर आहे. त्या वेळी हातात पैसे नव्हते हेही खरं. आषाढात साडीला उठाव नसतो, आठातले तीन माग बंद होते. खरं ते कारण झालं, उत्तर नाही. बघतो काय करायचं ते.

---

हिशेबनीस | १० सप्टेंबर, रात्री ९.२०

नीतीचं तुम्ही ठरवा, मी वहीचं सांगतो.

पैसे मागवाल्यांच्या स्वतःच्या बचत खात्यात आले, त्यातूनच घरचं लाइट बिल गेलं, सूतवाल्याचे गेले. उद्या कोणी विचारलं तर कुंदाचे कुठले आणि सुताचे कुठले ते वेगळं काढून दाखवता येणार नाही. पुढच्या वेळी शून्य शिल्लकीचं वेगळं खातं काढा. त्याहून सोपं म्हणजे लोकांना दवाखान्याचाच क्यूआर द्या. पैसे थेट बिलात जमा होतात, आपल्या हाताला लागतच नाहीत.

दोघा-तिघांनी मला खासगीत विचारलं म्हणून इथंच लिहितो. याची ८०जीची (देणगीवरच्या करसवलतीची) पावती मिळणार नाही. ती नोंदणी आणि मान्यता असलेल्या संस्थेलाच देता येते. तिथंही दोन हजारांच्या वर रोख दिली तर वजावट नाही, आणि नव्या करप्रणालीत तर ही वजावटच नाही. परदेशातून पाठवणाऱ्यांनी एक बघावं. भारतीय पासपोर्ट असलेल्यानं स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलं तर ते विदेशी देणगीत धरत नाहीत. नागरिकत्व बदललेला भाऊ किंवा परदेशी मैत्रीण पाठवत असेल तर घेऊ नका, त्याला एफसीआरएची (विदेशी देणगी कायद्याची) नोंदणी लागते.

---

चंदगडी | १० सप्टेंबर, रात्री ९.४८

क्यूआरचा विषय निघालाच आहे म्हणून. जुलैत कुंदाचा तोच फोटो मला एका व्हॉट्सॲप ग्रुपवर आला होता. खाली वेगळंच नाव आणि वेगळाच क्यूआर, वर मजकूर "तासाभरात ऑपरेशन नाही झालं तर". आमच्या पाव्हण्यानं दोनशे पाठवलेसुद्धा. फोटो टाकताना त्यावर आडवं गाव आणि तारीख लिहीत जावा, म्हणजे कापून वापरता येत नाही. आणि पाठवणाऱ्यानं दवाखान्याचं नाव विचारून आधी एक फोन करावा.

---

मस्कतमामा | ११ सप्टेंबर, पहाटे १.१०

पाच हजार मीच पाठवले होते. टेम्पो कोणाचा याचं मला काही वाटत नाही. उलट लिहिलंस हे बरं केलंस बाबा.

मी वेगळं सांगतो. हे किरकोळ किती दिवस करणार? खानापूर रोडला नाहीतर मच्छेच्या पुढं कुणाची पडीक जागा बघा, पत्र्याचं शेड टाकू, पन्नास कुत्री राहतील असं. इथले आम्ही सात-आठ बेळगावकर आहोत, महिन्याला काही ना काही देऊ. आमचं बालपण शहापुरात गेलं. तांब्या नावाचं कुत्रं मला शाळेपर्यंत सोडायला यायचं आणि सुटायच्या वेळी फाटकापाशी बसलेलं असायचं. आता गावी आलो की गल्लीत एक कुत्रं ओळख देत नाही.

---

गोंद्या | ११ सप्टेंबर, सकाळी ८.१४

मामा, ओळख द्यायला त्यांना तुमचं आधार कार्ड दाखवा.

तुम्ही शेडचं म्हणताय म्हणून आठवलं. इथून जवळच मुधोळचा कारवानी कुत्रा. २००५ साली पोस्टाच्या तिकिटावर बसला, सैन्यात गेला. आणि आमचा गल्लीतला अजून गटाराच्या फरशीवर. एकाच मातीतले दोघं, नशीब बघा की.

---

सुईदोरा | ११ सप्टेंबर, रात्री १०.३०

मी एका पशुवैद्यकाकडं हाताखाली काम करते. सात वर्षं झाली. मामांच्या शेडबद्दल मला मोठं लिहावं लागणार, राग मानू नका.

शेड उभं राहतं, खरं चालत नाही. पहिल्या आठवड्यात दहा कुत्री असतात. गावाला कळलं की दुसऱ्या आठवड्यात सकाळी फाटकाशी खोक्यातली पिल्लं सुरू होतात. त्यातल्या एकाला पार्व्हो असला की आठ दिवसांत निम्मी पिल्लं जातात. रक्ताची हगवण लागते, सलाईनवरसुद्धा काही वाचतात काही नाही. तो विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकतो, नुसत्या फिनेलनं मरत नाही. पन्नास कुत्र्यांना दोन माणसं चोवीस तास लागतात. पगार आणि भाडं दर महिन्याला. जखमी कुत्र्याच्या फोटोला एका रात्रीत तीस हजार येतात, पगाराच्या फोटोला कोण देतंय? शिवाय संस्था काढून नसबंदीची मोहीम चालवायची तर २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणं पशुकल्याण मंडळाची मान्यता लागते. ऑपरेशनची जागा, पिंजरे, डॉक्टर सगळं दाखवावं लागतं.

आता पैशाचं. काकूंचा जीव मोठा आहे, तरी सांगते, नुसता भात घालून पोटं भरतात आणि पिल्लं वाढतात. एकदा पंचांग बघा. भाद्रपद चाललाय. 'भाद्रपदातली कुत्री' म्हणून आपण लोकांना नावं ठेवतो, ते उगाच नाही आलेलं. आता माजावर आलेल्या कुत्रीचे दिवस साधारण त्रेसष्ट. म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात, ऐन थंडीत, जिन्याखाली पाच-सहा पिल्लं. त्यातली बरीचशी संक्रांत बघत नाहीत. जी बघतात त्यातल्या माद्यांचं पुढच्या भाद्रपदात परत तेच.

म्हणून हातात थोडे पैसे असतील तर आधी माद्यांची नसबंदी. नर नंतर. गल्लीतले चार नर केले आणि पाचवा शेजारच्या गल्लीतून आला की सगळं पाण्यात. आमच्याकडं मादीला साडेतीन हजार घेतात, त्यात पाच दिवस ठेवणं नाही, ते तुमचं तुम्ही बघायचं.

एक अडचण आहे. माजावर असलेल्या कुत्रीचं ऑपरेशन डॉक्टर शक्यतो टाळतात. त्या दिवसांत गर्भाशयाला रक्तपुरवठा वाढलेला असतो, रक्तस्राव जास्त होतो. म्हणून ज्या अजून माजावर आल्या नाहीत त्यांना आत्ता आणा. बाकीच्यांना दोन महिन्यांनी. आदल्या रात्रीपासून पोट रिकामं पाहिजे, भुलीत उलटी झाली तर ती फुप्फुसात जाते. आणि हा गल्लीचा कार्यक्रम असतो हे लक्षात ठेवा. एका घरानं उपाशी ठेवायची आणि शेजारच्या आजीनं मायेनं चपाती द्यायची, असं झालं की त्या दिवशीचं ऑपरेशन रद्द.

कुंदाचंही त्याच वेळी का केलं नाही असं कुणी विचारेल. पाय काढला तेव्हा तिच्या अंगात रक्तच नव्हतं, दोन्ही एकदम झेपलं नसतं.

आणि काकू, तुपाची वाटी नामदेवरायांपाशीच राहू दे. एवढं तूप गल्लीतल्या कुत्र्याला घातलं तर दुसऱ्या दिवशी हगवण घेऊन माझ्याकडंच येतंय.

---

काकू_हिंदवाडी | १२ सप्टेंबर, सकाळी ६.५०

ती चपाती देणारी आजी मीच असेन. ऑपरेशनच्या आदल्या रात्री देणार नाही, शब्द.

---

बुगडी | १२ सप्टेंबर, दुपारी ३.४०

सगळं वाचलं. किती छान चाललंय तुमचं. माझ्या पोराचं कोण लिहिणार?

अनगोळला राहतो आम्ही. गेल्या मार्गशीर्षात आमच्या जिन्याखाली एका कुत्रीनं पिल्लं घातली. पोरगा सात वर्षांचा, चेंडू काढायला वाकला, पिंढरीचा लचका तोडला तिनं. सासूबाईंनी हळद-चुना भरून फडकं बांधलं. मी कामावरनं येईपर्यंत दोन तास गेले. दवाखान्यात गेल्यावर नर्स ओरडली, आधी नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं असतंय, वर काही लावायचं नसतंय. मग चुना काढताना पोरगं जे रडलं ते मी विसरणार नाही. जखमेत रेबीजविरोधी सिरमची सुई, आणि लस पहिल्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या, अठ्ठाविसाव्या. आजसुद्धा तो त्या जिन्यानं जात नाही, मागच्या दारानं जातो.

त्याच्या सुईला कुणी क्यूआर काढला नाही. कोर्टानंच सांगितलंय ना उचला म्हणून, मग उचला की.

---

हिशेबनीस | १२ सप्टेंबर, रात्री ८.०५

अक्का, राग समजतो. कोर्टाचं तेवढं नीट सांगतो, कारण अर्धंच फिरतंय. ११ ऑगस्टचा आदेश दिल्ली आणि आजूबाजूच्या भागासाठी होता. २२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं तो बदलला. नसबंदी करून, लस टोचून, कुत्रं जिथून उचललं तिथंच परत सोडायचं. रेबीज झालेलं, तसा संशय असलेलं आणि आक्रमक असलेलं सोडायचं नाही. खायला घालायचं ते ठरवून दिलेल्या जागीच, रस्त्यात कुठंही नाही. आणि प्रकरण सगळ्या राज्यांपर्यंत वाढवलं.

---

बुगडी | १२ सप्टेंबर, रात्री ८.२२

लचका तोडणारी आक्रमक नाही काय?

---

सुईदोरा | १२ सप्टेंबर, रात्री ९.१५

अक्का, याचं सरळ उत्तर माझ्याकडं नाही. एवढं विचारते, त्याआधी किंवा त्यानंतर ती कुणाला चावली काय?

---

बुगडी | १२ सप्टेंबर, रात्री ९.४०

नाही. पिल्लं गेल्यावर गप्प असते. तीन मेली, दोन कुणीतरी नेली. खरं परत पोटुशी राहिली की परत जिन्याखालीच येणार ती.

---

मागवाला | १२ सप्टेंबर, रात्री ११.५०

दोन दिवस मागावर उभं राहून हिशेब केला.

तिसरं_फाटक यांचं मी मान्य करतोय. कुंदाचे १९,८५० माझे. आत्ता एकरकमी नाहीत. दिवाळीआधी साड्यांचे पैसे आले की दहा हजार भरतो, राहिलेले ९,८५० संक्रांतीपर्यंत. हिशेबनीसांनी सांगितल्याप्रमाणं वेगळं खातं सोमवारी काढतो. मस्कतमामा, शेडचं राहू दे. तुमचे आठ जण दवाखान्यात थेट भरणार असतील तर मी इथं नावं न घेता बिलं टाकत जाईन.

आणि पहिलं नाव कुंदाच्या गल्लीतलं नको. बुगडीअक्का, तुमच्या जिन्याखालची आधी. अजून माजावर आलेली नसेल तर बुधवारी येतो. पकडायला दोघं पोरं आणतो, जाळी आहे. तुमचा मुलगा त्या वेळी घरात नसला तर बरं.

---

बुगडी | १३ सप्टेंबर, सकाळी १०.१०

आलेली नाही. बुधवारी या. पैसे मी देणार नाही, आधीच सांगते. परत आणून सोडू नका एवढं म्हणणं आहे माझं.

---

मागवाला | १३ सप्टेंबर, सकाळी १०.३०

परत तिथंच सोडावी लागते अक्का. हे तुम्हाला आधी न सांगता नेली असती तर परत जुलैसारखं झालं असतं.

---

तिसरं_फाटक | १३ सप्टेंबर, दुपारी १२.००

जाळीचं टोक धरायला मी येतो. बुधवारी सुट्टी टाकली आहे.

---

मागवाला | १८ सप्टेंबर, रात्री ९.३०

काल झालं. पहाटे पावणेसहाला गेलो, तिला पोत्यावर घेऊन टेम्पोत घातलं. (टेम्पो मागं घेताना तिसरं_फाटक खाली उतरून उभे राहिले. मी काही बोललो नाही, तेही काही बोलले नाहीत.) ऑपरेशन व्यवस्थित. कानाला खाच मारली, म्हणजे पुढं कुणी तिला परत उचलणार नाही. सध्या आमच्या सुताच्या गोदामात आहे. टाके चाटू नयेत म्हणून माझा जुना बनियन पोटाला बांधलाय. पहिल्या रात्री काही खाल्लं नाही, आज भात आणि चिकनचं पाणी घेतलं.

कुंदा मात्र माजावर आलीये. कारखान्याचं शटर अर्धं लावून ठेवलंय, बाहेर तीन नर आणि एक चौथा अनोळखी. सुईदोराताई म्हणतात साधारण तीन आठवडे. कामगार वाकून ये-जा करतात आणि मला शिव्या देतात.

---

सुईदोरा | १९ सप्टेंबर, सकाळी ८.००

दुखतंय म्हणून घरातली माणसांची गोळी कुणी देऊ नका हां तिला. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव करतात, मूत्रपिंडं जातात. गेल्याच महिन्यात एक असंच गेलं. आणि खरूज झालेल्याला गॅरेजमधलं काळं ऑइल चोपडायचं थांबवा. ते कुत्रं चाटतंय आणि आतून मरतंय.

दुसरं, २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो. त्या सुमारास सरकारी पशुदवाखान्यांतून लसीचं शिबिर असतं बऱ्याचदा, आपल्या जवळच्या ठिकाणी विचारून ठेवा. तीन महिन्यांवरचं कुठलंही कुत्रं चालतं. पुढं दरवर्षी एकदा.

---

मागवाला | २६ ऑक्टोबर, रात्री १०.००

हिशेब.

जुने ११,५५०. माझे दहा हजार भरले (पासबुकाचा फोटो खाली). एकूण २१,५५०. नसबंदी पाच माद्या, १७,५००. रेबीजची लस आणि सुया, १,३००. शिल्लक २,७५०. मस्कतच्या मंडळींनी आणखी दोन माद्यांचे थेट दवाखान्यात भरलेत, ते यात धरलेले नाहीत.

पाचातल्या दोन वडगावच्या, दोन शहापूरच्या, एक अनगोळची. सहावी पकडली होती, तपासल्यावर आधीच गाभण निघाली, डॉक्टरांनी परत पाठवली. ती आता चंदगडींच्या मावशीच्या परड्यात आहे, वीसेक दिवसांत व्याईल. पिल्लांना घरं बघायची आहेत. मुलाच्या वाढदिवसाला भेट म्हणून नेणाऱ्यांनी फोन करू नये.

कुंदाचं डिसेंबरात. शटर पूर्ण उघडलंय. माझे ९,८५० बाकी आहेत, आठवण करून देत जावा.

---

गोंद्या | २६ ऑक्टोबर, रात्री १०.१२

संक्रांतीला तिळगूळ नको, पावती पाठवा.

---

मस्कतमामा | २७ ऑक्टोबर, पहाटे १२.५०

बुगडीताई, तुमच्याकडची कशी आहे?

---

बुगडी | २८ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.२५

दिवाळीत फटाक्यांना भिऊन चार दिवस दिसली नाही. मला वाटलं गेली एकदाची. परवा आली. जिन्याखाली येत नाही, गटाराच्या पलीकडं बसते, बनियनचा एक तुकडा अजून गळ्यात आहे तो कुणीतरी येऊन काढा. पोरगा खिडकीतनं बघतो. जिन्यानं अजून जात नाही.